तापतोय, घुमतोय, की गुपचूप ऑसिलेट होतोय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की दोन २एन३०५५ (मोठे पॉवर ट्रान्झिस्टर) आणि जरा धीर असला तर घरच्या घरी झकास सिंगल एंडेड क्लास ए (गाणं असो नसो, करंट सतत वाहणारा) अॅम्प होतो, आणि आता त्याची फळं भोगतोय. निम्मी पत्रं त्याचीच आलीत. नाशिकच्या सातपूरचं पत्र सगळ्यात लांब आणि सगळ्यात कामाचं आहे म्हणून आधी तेच घेतो.

प्रश्न (एक वाचक, सातपूर): सर, तुमचं वाचून मी पण बनवला. वरती २एन३०५५ एमिटर फॉलोअर (आउटपुट एमिटरवरून), त्याला चालवायला बीडी१३९ हा छोटा ट्रान्झिस्टर, खाली दुसरा २एन३०५५ करंट ओढायला, त्याच्या बेसला प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर) लावून करंट सेट केला, एमिटरला ०.१ ओहम. सप्लाय २४ व्होल्ट. सकाळी १.१ अँपिअर लावला, अर्ध्या तासाने बघतो तर १.७, कमी केला तर परत वाढला, शेवटी फ्यूज गेला. गाणं नसताना पण घूं असा आवाज येतो. आणि एक विचित्र गोष्ट, स्पीकरची लांब वायर जोडली की दोन्ही ट्रान्झिस्टरच्या मधला व्होल्टेज १२ वरून १० च्या खाली येतो, वायर काढली की परत जागेवर. ट्रान्झिस्टर डुप्लिकेट असतील का? मित्र म्हणतो एवढं तापतंय म्हणजे सर्किटच चुकीचं आहे.

उत्तर: मित्राला सांगा, तापणं ही चूक नाही, तापणं हाच या अॅम्पचा धंदा आहे. २४ व्होल्ट गुणिले १.१ अँपिअर म्हणजे २६ वॉट, गाणं लागो न लागो तेवढी उष्णता निघणारच, उलट गाणं जोरात लागलं की ट्रान्झिस्टर थोडे थंड होतात कारण काही पॉवर स्पीकरकडे जाते. चूक आहे ती १.१ चा १.७ होण्यात. आणि तुमच्या पत्रात एक नाही, तीन वेगवेगळे आजार आहेत, ते तुम्ही एकाच खोलीत कोंडलेत म्हणून गोंधळ होतोय.

पहिला आजार करंटचा. ट्रान्झिस्टर गरम झाला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. तुमचा आतून ३० डिग्री तापला म्हणजे ६० मिलिव्होल्ट कमी झाले. बेसवर प्रीसेटने व्होल्टेज बांधून ठेवलाय, मग ते ६० मिलिव्होल्ट जाणार कुठे, एमिटरच्या ०.१ ओहमवर. ६० मिलिव्होल्ट भागिले ०.१ ओहम बरोबर ०.६ अँपिअर. १.१ अधिक ०.६, झाले की नाही १.७? तुमचा मल्टिमीटर एकदम खरं बोलत होता. करंट वाढला म्हणून अजून तापला, तापला म्हणून अजून वाढला, हे चक्र फ्यूजपाशी थांबलं हे नशीब समजा, माझं एकदा ट्रान्झिस्टरपाशी थांबलं होतं आणि जाता जाता तो ड्रायव्हरला पण घेऊन गेला.

प्रीसेट काढूनच टाका. खालच्या २एन३०५५ च्या एमिटरला ०.५६ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर लावा, आणि एक बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर घ्या, त्याचा एमिटर ग्राउंडला, बेस १ किलोओहम मधून त्या ०.५६ च्या वरच्या टोकाला, कलेक्टर मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. रेझिस्टरवर ०.६५ व्होल्ट झाले की बीसी५४७ जागा होतो आणि मोठ्याचा बेस करंट खेचून घेतो, म्हणजे करंट ०.६५ भागिले ०.५६, साधारण १.१६ अँपिअरवर अडकून बसतो. मोठा कितीही तापू दे, पहारेकरी छोटा आहे आणि तो बाहेर गारव्यात उभा आहे. मोठ्याच्या बेसला २४ व्होल्टवरून साधारण ४० मिलिअँपिअर लागतील, त्यासाठी एक ५६० ओहम न लावता २७०-२७० चे दोन सिरीजमध्ये लावा, १ वॉटचे, आणि मधल्या जॉइंटवरून ग्राउंडला २२० मायक्रोफॅरड. सप्लायची रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, या वाटेने आत शिरते, ती इथेच मरते. बीसी५४७ च्या कलेक्टर आणि बेसमध्ये १ नॅनोफॅरडचा डिस्क कपॅसिटर पण टाका, नाहीतर हा पहारेकरी स्वतःच नाचायला लागतो.

ज्यांना प्रीसेट ठेवायचाच आहे त्यांनी एवढं बघा की त्याची मधली पट्टी सुटली तर करंट शून्याकडे जाईल अशी वायरिंग हवी. प्रीसेट म्हातारा झाला की मधली पट्टीच आधी सुटते, आणि सुटते ती नेमकी पाहुणे आलेले असताना.

आता वायर जोडली की व्होल्टेज सरकतो तो प्रकार. ही भुताटकी नाही, अॅम्प ऑसिलेट होतोय, म्हणजे इनपुट नसताना स्वतःहूनच सिग्नल तयार करतोय. लांब वायर म्हणजे एक छोटा कपॅसिटर, आणि एमिटर फॉलोअरला कपॅसिटरचं ओझं आवडत नाही, तो काही शे किलोहर्ट्झ किंवा मेगाहर्ट्झला गुपचूप शिट्टी मारत बसतो. तुम्हाला ऐकू येत नाही, फक्त व्होल्टेज सरकलेला दिसतो आणि उगाच जास्त तापतो. जुने २एन३०५५ मुळात संथ होते, त्यांची ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिच्यापुढे ट्रान्झिस्टर करंट वाढवू शकत नाही ती हद्द, १ मेगाहर्ट्झच्या आतबाहेर, आत्ता जे मिळतात ते वेगळ्या पद्धतीने बनतात आणि २.५ मेगाहर्ट्झ किंवा वर जातात. लिन्सली हूड यांचं १० वॉटचं क्लास ए सर्किट वायरलेस वर्ल्ड या ब्रिटिश मासिकात १९६९ ला छापून आलं, तेव्हापासून लोक ते बनवतायत, पण जुनं ड्रॉइंग आणि नवा ट्रान्झिस्टर हे लग्न कधीकधी असं वाजतं. म्हणून तुमचा माल डुप्लिकेटच असेल असं मी म्हणणार नाही. (शंका असेलच तर एक मेलेला ट्रान्झिस्टर कानशीने कापून बघा. आतली सिलिकॉनची चकती राईच्या दाण्याएवढी निघाली तर दुकान बदला. मी हे कापल्यावर शिकलो, आठ नग घेऊन झाल्यावर.)

ऑसिलोस्कोप नसला तरी हे पकडता येतं. एएम रेडिओ घ्या, दोन स्टेशनच्या मध्ये ठेवा, अॅम्पजवळ नेऊन सुई इकडून तिकडे फिरवा, कुठे सूं किंवा घरघर वाढली आणि अॅम्प बंद केल्यावर गेली तर चोर सापडला. दुसरी परीक्षा मला जास्त आवडते. आउटपुटवर, म्हणजे स्पीकरला जोडलेल्या मोठ्या कपॅसिटरच्या आधी, १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये करून ग्राउंडला लावा. हे तसंही लागतंच, यालाच झोबेल म्हणतात. गाणं बंद ठेवा, पाच मिनिटांनी त्या १० ओहमला बोट लावा. गरम लागला म्हणजे ऑसिलेशन आहेच, कारण ऑडिओच्या फ्रिक्वेन्सीला ०.१ मधून करंट जवळजवळ जात नाही, त्या रेझिस्टरला तापवायला मेगाहर्ट्झच्या आसपासचंच काहीतरी लागतं.

औषध साधं आहे पण जागा महत्त्वाची. बीडी१३९ च्या बेसला ४७ ते १०० ओहम, वरच्या २एन३०५५ च्या बेसला १० ओहम, आणि हे अगदी पायाला चिकटून, दोन इंच लांब नाही. सप्लायला ०.१ मायक्रोफॅरड पण ट्रान्झिस्टरच्या शेजारी, फिल्टर कपॅसिटरच्या शेजारी नाही. हीटसिंक एका टोकाला आणि पीसीबी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये वितभर वायरी असतील तर त्या कापून छोट्या करा. तुम्ही फोटो पाठवला नाही पण मी पैजेवर सांगतो की वायरी लांब आहेत. सगळ्यांच्याच असतात, पहिल्या अॅम्पला आपण वायर कापायला घाबरतो.

राहिलं घूं. इनपुट शॉर्ट करून ऐका. गेलं तर ते बाहेरून येतंय, शिल्ड वायर आणि ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाणं) बघा. नाही गेलं तर सप्लायची रिपल. ५० हर्ट्झची मेन, ब्रिज रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झ, १०००० मायक्रोफॅरडवर १.१६ अँपिअर ओढलं की १.१ व्होल्टच्या वर रिपल राहते. साध्या एबी अॅम्पमध्ये गाणं नसताना करंट अगदी थोडा असतो म्हणून शांत वाटतं, इथे करंट चोवीस तास वाहतोय म्हणून भजनाला फुकटचा तंबोरा मिळतो, फक्त सुरात नसतो. दोन कपॅसिटर घ्या, १००००-१०००० चे, मध्ये ०.४७ ओहम ५ वॉट. रिपल तिसऱ्या हिश्शावर येते, अर्धा व्होल्ट जातो, जाऊ दे. आणि ग्राउंड घ्यायचं ते दुसऱ्या कपॅसिटरच्या पायावरून, ब्रिज आणि पहिल्या कपॅसिटरच्या मधून कधीच नाही, तिथे चार्जिंगचे झटके असतात. नुसतं ग्राउंड हलवून माझं निम्मं घूं गेलंय, पैसे शून्य.

हीटसिंकचं शेवटी सांगतो. नाशिक थंड हवेचं म्हणून मिरवायचे दिवस गेले, मे मध्ये खोलीत ४० धरूनच चाला. चॅनलला २८ वॉट, १ डिग्री प्रति वॉटचा सिंक असला तर तो ६८ ला जाईल. चालेल, पण बोट टिकणार नाही. भंगारात जुन्या मोटर ड्राइव्हचे आणि यूपीएसचे जाड फिनचे सिंक किलोवर मिळतात. फिन उभ्या ठेवा, अभ्रक आणि दोन्हीकडून पेस्ट लावा, आणि टीओ-३ ची (२एन३०५५ च्या धातूच्या डबीची) बॉडी म्हणजेच कलेक्टर हे विसरू नका, पॉवर देण्याआधी बॉडी आणि सिंक शॉर्ट नाहीत ना ते मीटरने तपासा.

अजून एक, नेहमीच्या सवयीने मेनच्या वायरीत सिरीज बल्ब लावून चालू केलात तर घाबरू नका, इथे बल्ब पेटणारच. ६० वॉटचा लावला तर अॅम्पला व्होल्टेजच पुरत नाही आणि माणूस नसलेला फॉल्ट शोधत बसतो. २०० वॉटचा लावा, मंद पेटून स्थिर राहिला तर ठीक, हळूहळू उजळत गेला तर बंद करा. स्पीकरच्या जागी आधी ८ ओहम १० वॉटचा रेझिस्टर.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिकरोड): ट्रान्सफॉर्मर महाग पडतो. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जुना अडॅप्टर चालेल का? दोन्ही चॅनल एकावर?

उत्तर: चालेल, आणि तुझी १०० हर्ट्झची घूं पण टळेल. ६५ वॉटवाला ३.४२ अँपिअर देतो, दोन चॅनलचे मिळून २.३ जातात, बसतं. फक्त १९ व्होल्टवर आउटपुट धड ८ व्होल्ट पीक हलेल, म्हणजे ८ ओहमवर ४ वॉट. होस्टेलच्या खोलीला भरपूर झाले, शेजारच्यांना विचार. अडॅप्टरनंतर एक छोटी कॉइल आणि २२०० मायक्रोफॅरड टाक, स्विचिंगचा कचरा तिथे अडतो. काही तीन पिनच्या अडॅप्टरची निगेटिव्ह आतून अर्थला जोडलेली असते, मग कॉम्प्युटरला जोडलं की ग्राउंड लूप होऊन कुईं कुईं येतं, मीटरने आधी बघून घे. ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे खरा अॅम्प नाही असं म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाज आणि न सांगता ऐकव.

प्रश्न (सिडकोतून): ४ ओहमचा स्पीकर लावला तर पॉवर डबल होईल ना?

उत्तर: नाही हो, निम्मी होईल. इथे स्पीकरला मिळणारा पीक करंट म्हणजे तुमचा सेट केलेला १.१६ अँपिअर, त्याच्या वर एक थेंब नाही. ८ ओहमवर ५.४ वॉट, ४ वर २.७. शिवाय आउटपुटचा २२०० मायक्रोफॅरड ८ ओहमला ९ हर्ट्झपर्यंत साथ देतो, ४ ला १८. जुने, कागदाच्या कोनचे, ८ ओहमचे सेन्सिटिव्ह स्पीकर शोधा.

प्रश्न (एक आई, पंचवटी): तुमच्या लेखामुळे मुलाने हे यंत्र हॉलमध्ये आणून ठेवलंय. आवाज गोड आहे, खोटं कशाला बोलू. पण बिल किती येईल? आणि रात्रभर चालू राहिलं तर काही होईल का? दिसायला फार उघडंबोडकं दिसतं म्हणून मी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकलाय.

उत्तर: काकू, दोन्ही चॅनल मिळून भिंतीतून साधारण ७५ वॉट जातात, जुन्या सीलिंग फॅनएवढे. रोज ४ तास लावला तर महिन्याला ९ युनिट. रात्रभर लावायचं काही कारण नाही, हा अॅम्प गाणं नसताना पण तेवढंच खातो, मुलाला सांगा उठताना बटण बंद करायचं, दूध उतू जाऊ देत नाही तसं. आणि रुमाल आत्ता, हे वाचता वाचता उठून काढा. त्या फिनमधून गरम हवा वर जायला लागते, झाकलं तर ट्रान्झिस्टर जाईल नाहीतर रुमाल जाईल. शोभा हवी असेल तर मुलाकडून चारही बाजूंनी लाकडी पट्ट्यांची जाळी करून घ्या, वर आणि खाली उघडी ठेवून, आणि रुमाल टीव्हीच्या टेबलावर टाका.