तडतड नेमकी कुठली?

प्रश्न : ताई, माझा विंडोज ११चा लॅपटॉप चार-पाच वर्षं जुना आहे. संध्याकाळी त्यावर साठवलेली जुनी नाट्यपदं ऐकतो. हल्ली थोडा वेळ बरं चालतं आणि मग मध्येच तडतड सुरू होते, तान तुटते. हेडफोन लावले तरी तेच. दुकानदार म्हणतो, स्पीकर गेले, बदलावे लागतील. बदलू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नका बदलू. हेडफोन लावले की आतले स्पीकर गप्प होतात. मग गप्प बसलेला स्पीकर तडतडेल कसा? स्पीकरचा पडदा फाटला असता, तर खर्जात किंवा आवाज चढवल्यावर तो फरफरला असता आणि हेडफोनमध्ये त्याचा मागमूस नसता. दुकानदाराला हे तपासायला एक मिनिट लागलं असतं.

आता एक शंका, राग मानू नका. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या पदांत खरखर मुळातच असते. तीच फाइल मोबाइलवर ऐका. त्याच जागी तशीच तडतड आली, तर लॅपटॉप बिचारा निर्दोष. तंबोऱ्यांच्या गावच्या कानाला हे सांगायची गरज नसावी, पण विचारून घेतलेलं बरं. व्हीएलसी या प्लेअरवर ऐकत असाल तर आवाजाची पट्टी शंभराच्या पुढे सरकवलेली नाही ना, तेही बघा. शंभरापुढे आवाज वाढतो तसा फाटतोही.

मोबाइलवर पद स्वच्छ वाजलं, तर माझा संशय ड्रायव्हरवर, म्हणजे वाय-फाय, साउंड अशा भागांना विंडोजशी जोडून चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर. लॅपटॉप गाणं सलग वाजवत नाही. काही मिलिसेकंदांचे तुकडे करून एकामागून एक पुढे ढकलतो, पंगतीत वाढपी पुढचा पदार्थ घेऊन येतो तसा. प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कुणी अडवून धरलं की पुढचा तुकडा वेळेवर पोचत नाही आणि ती पोकळी आपल्याला 'टक्' अशी ऐकू येते. अशा टकटकी लागोपाठ आल्या की झाली तडतड. अडवणारा पुष्कळदा वाय-फायचा ड्रायव्हर असतो. खरं वाटत नसेल, तर एअरप्लेन मोड चालू करून तेच पद लावा. तडतड गेली, तर चोर सापडला. (इथे नेटच्या वेगाचा संबंध नाही. नेट मंद असलं की यूट्यूबवरचं गाणं थांबून गोल फिरत बसतं, तडतडत नाही.) एवढ्यानं भागलं नाही, तर 'लेटन्सीमॉन' हे मोफत सॉफ्टवेअर पद वाजत असताना चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय, त्याचं नाव ते दाखवतं.

दोषी ड्रायव्हर बदलायचा, तर नवा, वाय-फायचा असो की साउंडचा, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर बघूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. त्यांनी करून ठेवलेले घोळ निस्तरण्यात माझा बराच दिवस जातो.

एअरप्लेन मोडमध्येही तडतड राहिली, तर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन तुमच्या स्पीकरच्या नावावर क्लिक करा. तिथे 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. आवाज 'सुधारणारी' ही सोय शास्त्रीय गाण्याची माती करते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पानावर 'फॉरमॅट' २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवून बघा.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर पेन ड्राइव्हवरून उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, सुरू करून तेच पद वाजवा. कॉलेजात जाणारा शेजारचा एखादा मुलगा हे करून देईल. काही इन्स्टॉल करायचं नाही, 'ट्राय उबंटू' एवढंच निवडायचं. तिथे पद स्वच्छ वाजलं, तर दोष विंडोजमधला आणि स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचं कारण नाही. तिथेही तडतडलं, तर मात्र मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचा, आवाजाचा भाग तपासून घ्या, आणि त्यासाठी दुसरं दुकान गाठा.