सर म्हणतात 'तूच लिहून आण, मी सही करतो', तेव्हा काय करायचं?

परदेशी अॅडमिशनचा सीझन आला की मला तोच प्रश्न दहा तोंडांनी येतो, कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत कोणी बाजूला घेऊन, की सर, एलओआर म्हणजे शिफारसपत्र आम्हीच लिहिलं तर चालतं ना, सगळेच लिहू राहिले. जळगावात केमिस्ट्री शिकवण्यात माझी २८ वर्षं गेली, त्यात पोरापोरींसाठी शिफारसपत्रं पुष्कळ लिहिली, म्हणून जे प्रश्न आलेत त्यांची उत्तरं एकदाच इथे देतो.

बारावी सायन्सला आहे. क्लासवाले म्हणतात एमबीबीएससाठी आत्तापासून एलओआरची फाईल बनवा. खरंच लागतो का? (अमळनेर)

नाही. आपल्याकडे एमबीबीएस नीटच्या रँकवर, इंजिनिअरिंग, फार्मसी आणि लॉ मुख्यतः सीईटीवर. फाईल बनवायचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

बीफार्म झालंय, अमेरिकेत पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला अर्ज करतोय. एचओडी सरांनी स्वच्छ सांगितलं, मला टाईम नाही, तू ड्राफ्ट आण, मी सही-शिक्का देतो. सही तर खरी आहे, मग यात चूक काय? (भुसावळ)

सही खरी आहे पण पत्र खरं नाही. हे जरा लांबवून सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

तुमचे मार्क्स ट्रान्सक्रिप्ट सांगतं, तुमचं म्हणणं तुम्ही एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःच्या निवेदनात सांगता, आणि तिसरी गोष्ट युनिव्हर्सिटीवाल्यांना हवी असते ती म्हणजे तुम्हाला शिकवलेल्या माणसाचं मत. ते मतच तुम्ही लिहिलं तर त्यांच्या टेबलावर तुमचेच दोन एसओपी गेले, एकावर सरांचं नाव टाकून. वाचणाऱ्याला वाटतंय सर बोलू राहिले. आतला शब्द न् शब्द खरा असला तरी कोण बोलतंय हे खोटं सांगितलंय, आणि त्या पत्राची किंमतच कोण बोलतंय यावर असते.

माझ्या हातून हे झालेलं आहे. साधारण १५ वर्षांपूर्वी दोन मुलं आठवड्याच्या अंतराने ड्राफ्ट घेऊन आली, पेपर तपासणीचे दिवस होते, मी वरवर नजर टाकली आणि सह्या केल्या. दोघं एकाच कन्सल्टंटकडे जाणारे, दोघांचा अर्ज एकाच युनिव्हर्सिटीत, आणि तिथून मला ईमेल आला की तुमच्या दोन पत्रांत एक अख्खा पॅराग्राफ सारखा आहे, खुलासा करा. काय खुलासा करणार, जे झालं ते कळवलं. दोघांचंही तिथे झालं नाही. त्यातला एक पोरगा यावल तालुक्यातला, सुट्टीभर केळीच्या बागेत कामाला जाऊन फी भरायचा आणि टायट्रेशन तीनदा चुकलं तर लॅब बंद व्हायच्या आत चौथ्यांदा करून दाखवायचा. हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. ड्राफ्टमध्ये होतं 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर'. दोष आधी माझा होता, पोरांचा नंतर.

आणि हे फक्त नीतीचं बोलत नाहीये, असं पत्र कामालाही येत नाही. बऱ्याच पोर्टलवर पत्राबरोबर एक तक्ता असतो, हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांत वरच्या ५ टक्क्यांत आहे की १० की २५, विचार करण्याची कुवत कशी, लेखन कसं, टीममध्ये कसा वागतो. हे तुम्हाला कुठून माहीत असणार, तुम्ही तुमची एकच बॅच पाहिली, सरांनी वीस बॅच पाहिल्यात. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एकतर लाजतो नाहीतर सुटतो, दोन्ही वाचणाऱ्याला कळतं.

मग करायचं काय, सरांशी भांडायचं का? नाही. सरांना टाईम नाही हे खरं असतं, त्यांच्याकडे नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची फाईल असते, परीक्षेची ड्युटी असते, आणि पुष्कळांना इंग्रजीत दोन पानं लिहायचं दडपण असतं पण ते बोलून दाखवत नाहीत. तुम्ही ड्राफ्ट नेऊ नका, टिपण न्या. एक पान पुरे. कोणत्या वर्षी कोणता विषय त्यांच्याकडे होता, प्रोजेक्ट कोणता, त्यात तुम्ही नेमकं काय केलं, कुठे अडकला आणि सरांनी काय सांगितलं, कोर्स कोणता, डेडलाईन कधी. त्यात हकीकत असू द्या, विशेषण एकही नको. सर लिहायला कंटाळत असतील तर म्हणा, सर, तुम्ही मराठीतून पाच मिनिटं व्हॉट्सॲपला बोला, तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटतं ते, आणि ते इंग्रजीत उतरवून सरांना वाचायला द्यायचं काम तिसऱ्याकडे द्या, कॉलेजमधल्या इंग्रजीच्या मॅडम असतील किंवा सरांचा सहकारी. शेवटी पोर्टलवर सबमिट सरांनीच करायचं.

एवढं करूनही सर म्हणाले तूच लिही, तर दुसऱ्या सरांकडे जा. प्रॅक्टिकल घेणाऱ्या साध्या लेक्चररने तुम्हाला ओळखून लिहिलेलं पत्र मोठ्या पदाच्या कोऱ्या पत्रापेक्षा चांगलं. काही जण म्हणतात की सही करणाऱ्याने नीट वाचून, बदलून घेतलं की ते पत्र त्याचंच झालं. मला ते पटत नाही, पण माझं बाजूला ठेवा, तुम्ही जिथे अर्ज करताय तिथलं काय म्हणणं आहे ते बघा, बऱ्याच बिझनेस स्कूल्स तर अर्जदाराने पत्राला हातही लावायचा नाही असं लिहूनच देतात. शंका असेल तर अॅडमिशन ऑफिसला दोन ओळींचा ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

मामा सर्जन आहेत, त्यांच्याच हॉस्पिटलात मी सहा महिने बसलो. त्यांचं पत्र घेऊ का? आणि आमदार साहेबांचंही मिळेल. (पाचोरा)

दोन्ही नको. मामांच्या हॉस्पिटलात दुसरे डॉक्टर असतील ज्यांनी तुमचं काम पाहिलं, त्यांना विचारा.

बीडीएस केलंय, कॅपिडवर (परदेशी डेंटिस्टांनी अमेरिकेतल्या डेंटल कॉलेजांना अर्ज करायचं पोर्टल) अर्ज भरतेय. प्रत्येक पत्रापुढे वेव करता का असं विचारलंय. हो म्हणू का? (धुळे)

अमेरिकेत १९७४ चा फर्पा म्हणून कायदा आहे, त्याने तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचं रेकॉर्ड बघायचा हक्क दिलाय, त्यात अशी पत्रंही येऊ शकतात. वेव म्हणजे हे पत्र मी बघणार नाही असं तुम्ही लिहून दिलं. सक्ती नाही, वेव केलं तरच अॅडमिशन अशी अट कॉलेजला घालता येत नाही. तरी बहुतेक जण वेव करतात, कारण मग लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणारा विश्वास ठेवतो.

पण ताई, भुसावळच्या उत्तराशी हे जोडून बघा. जिने पत्र स्वतः टाईप केलंय ती 'मी हे बघणार नाही' वर टिक करते तेव्हा त्या अर्जात तिने स्वतःच्या नावाने एक खोटं विधान केलेलं असतं. तिथे सरांच्या सहीची आडही राहत नाही. टिक करण्याआधी हे मनाशी स्पष्ट करा, आणि वेवबद्दल काही अडलं तर कॅपिडच्या हेल्पडेस्कला विचारा.

कन्सल्टंट म्हणतो पॅकेजमध्ये तीन एलओआर येतात, सरांच्या नावाने जीमेल तोच उघडतो आणि पत्र अपलोड करायची लिंकही तोच भरतो, सरांना त्रास नाही. सगळ्यांचं असंच करतो म्हणे. (शिरपूर)

तिथून उठा. हा गुन्हा आहे, सरळ शब्दात. दुसऱ्याच्या नावाने खोटा दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेत येतं, कलम ३३६ आणि ३४०, आणि वापरणारा म्हणजे तुम्ही. तिकडे अमेरिकेत लॉ स्कूलचे अर्ज घेणारी एलएसएसी आणि मेडिकलवाली एएएमसी अशा गैरप्रकारांची चौकशी करतात आणि कॉलेजांना कळवतात. मिळालेलं अॅडमिशन रद्द होऊ शकतं, डिग्री झाल्यावर कळलं तर ती पण जाऊ शकते. 'सगळ्यांचं असंच करतो' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि पकडलं गेल्यावर ईमेल पोराच्या नावाने येतो, कन्सल्टंटच्या नाही. अर्ज आधीच गेला असेल तर आज एखाद्या वकिलाशी बोला आणि सरांनाही खरं सांगा, त्यांचं नाव वापरलं गेलंय.

पत्र चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर? (चाळीसगाव)

सरांनी स्वतः लिहून व्याकरण तपासलं तर वेगळं. तुम्ही लिहून घेतलं तर भुसावळला दिलं तेच उत्तर. कॉलेजचा नियम वाचा.

मुलीला ज्या सरांनी खरं घडवलं ते आश्रमशाळेतले, इंग्रजी लिहीत नाहीत, आमच्याशी अहिराणीतच बोलतात. मुलगी म्हणते मीच लिहिते, ते सही करतील. (नंदुरबारहून आई)

ताई, सरांना मराठीत लिहू द्या. त्यांच्या हाताने, त्यांना सुचेल तसं, एक पान. मग अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी करून घ्यायचं, त्याची सही-शिक्का असलेलं, आणि मूळ मराठी पान सोबत जोडायचं. हे शक्य आहे, फक्त दोन गोष्टी आधी विचारून घ्या, शाळेतल्या शिक्षकांचं पत्र तिथे चालतं का की कॉलेजचंच हवं, आणि भाषांतर कोणाकडून झालेलं मान्य आहे. लिंक सरांच्या स्वतःच्या ईमेलवर जायला पाहिजे, ईमेल नसेल तर त्यांना उघडून द्या पण पासवर्ड त्यांच्याकडेच ठेवा. अशा सरांचं पत्र मी वाचलेल्या पत्रांमध्ये फार कमी आलं, आणि ते यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१ डिसेंबरची डेडलाईन आहे. सरांना दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगितलं तर चालेल? (रावेर)

नाही. आज फोन करा, सहा आठवडे हातात असायला हवेत. सरांना पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, आणि नाही म्हणाले तर वेळेत दुसरं कोणी बघता येईल.