वाचकांचे प्रश्न : गाडीतला वास येतो कुठून?

गाडीच्या आतल्या दुर्गंधीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत शेवटी एक विचारणा आहे, ती म्हणजे कोणते सुगंधी द्रव्य वापरावे. तिचे उत्तर आरंभीच देतो. वासाचे मूळ सापडेपर्यंत कोणतेही वापरू नये. सुगंधी डबी वास घालवत नाही, त्यावर दुसरा वास चढवते आणि शोधणाऱ्याच्या नाकाची दिशाभूल करते. शिवाय गाडीतले काही वास हे बिघाडाची पहिली खूण असतात, आणि ती झाकली जाणे परवडणारे नसते.

प्रश्न : सकाळी एसी लावला, की पहिली काही मिनिटे कुबट वास येतो आणि नंतर तो जाणवत नाही. केबिन फिल्टर बदलून घेतला, तरी फरक पडला नाही. आता काय करावे?

उत्तर : वास नंतर जाणवत नाही, याचा अर्थ तो गेला असा नव्हे. आपले नाक एखाद्या वासाला काही मिनिटांत सरावते आणि त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणून गाडीतल्या वासाची परीक्षा नेहमी दार उघडल्यानंतरच्या पहिल्या काही श्वासांत करावी. गाडी तासभर उन्हात बंद ठेवून मग दार उघडल्यास अधिक चांगले, कारण उष्णतेने वास देणारी द्रव्ये हवेत लवकर मिसळतात आणि एरवी मंद असलेला वास ठळक होतो. तुमच्या घरातली, पण ती गाडी रोज न वापरणारी एखादी व्यक्ती मदतीला असेल, तर तिच्या नाकावर अधिक विश्वास ठेवावा.

तुम्ही वर्णन केलेला वास बहुधा एसीच्या इव्हॅपोरेटरचा आहे. डॅशबोर्डच्या आत असलेल्या या गार जाळीवरून हवा जाते, तेव्हा हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन साचते. गाडी बंद केल्यावर ती जाळी अंधारात, ओलसर अवस्थेत तासन् तास राहते. तिच्यावर धूळ असतेच, त्यामुळे बुरशी आणि जिवाणूंना तेथे उत्तम आश्रय मिळतो. फिल्टर बदलूनही वास का गेला नाही, याचे कारण रचनेत आहे. बहुतेक गाड्यांत हवा आधी फिल्टरमधून आणि मग या जाळीवरून येते, त्यामुळे नवा फिल्टर पुढची धूळ अडवतो, पण जाळीवर आधीच बसलेला थर तसाच राहतो. फिल्टर बदलणे योग्यच होते. मात्र ते अर्धे काम झाले.

उरलेल्या कामात पाण्याच्या निचऱ्याची नळी आधी तपासावी. दमट हवेत एसी दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून गाडीखाली वाकून पाहावे. पुढच्या भागाखाली स्वच्छ पाणी थेंब थेंब पडताना दिसले पाहिजे. जमीन कोरडी असेल, तर नळी कचऱ्याने तुंबलेली असण्याचा दाट संभव आहे, आणि मग ते पाणी आत साचते किंवा पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरते. नळी मोकळी झाल्यानंतरच जाळी साफ करणारा फेस वापरावा. हा फेस जाळीपर्यंत नेण्याची वाट प्रत्येक गाडीत वेगळी असते आणि त्या वाटेवर ब्लोअरची मोटर व विजेच्या जोडण्या असतात. नेमकी जागा माहीत नसेल, तर हे काम गॅरेजमध्येच करवून घ्यावे. दर्शनी जाळ्यांतून नुसता फवारा मारण्याचा उपयोग फार थोडा होतो.

वास परत येऊ नये यासाठी एक सवय लावून घ्यावी. मुक्कामाला पोहोचण्याआधी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करून पंखा मोठ्या वेगाने चालू ठेवावा आणि हवा बाहेरून येईल अशी कळ ठेवावी. तेवढ्या वेळात जाळीवरचा बराच ओलावा उडून जातो. ही सवय साधी असली, तरी कुबट वासावर याहून टिकाऊ उपाय दुसरा नाही, असे आमचे मत आहे.

एवढे करूनही वास राहिला, तर कार्पेटकडे वळावे. हात फिरवून कार्पेट कोरडे लागले, म्हणून समाधान मानू नये. त्याच्या खाली जाड फोमचा किंवा दाबलेल्या तंतूंचा थर असतो आणि तो वरचे कापड सुकल्यानंतरही आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवू शकतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी सोडवून कार्पेटचा कोपरा वर उचलावा, खालच्या थरावर कागदी रुमालाची जाड घडी ठेवून टाचेने जोर द्यावा आणि घडी उलटून पाहावी. ओलाचा डाग उमटला, तर कुबट वासाचा पत्ता लागला. मग पाणी कोठून येते हे शोधावे लागते : पुढच्या काचेखालच्या खोबणीत अडकलेला पालापाचोळा, सनरूफच्या तुंबलेल्या नळ्या, दाराच्या आतील निघालेले आवरण, मागच्या दिव्यांभोवतीचे कडक झालेले रबर. यासाठी एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने अगदी हलकी धार सोडावी. धार नेहमी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी, कारण वरून सुरुवात केल्यास ओघळणारे पाणी सगळ्याच फटींवरून जाते आणि गळणारी फट कोणती, ते कळत नाही. डिकीतल्या जादा चाकाचा खळगाही पाहण्यास विसरू नये. तेथे साचलेले पाणी महिनोन् महिने कोणाच्या नजरेस पडत नाही.

गळती बंद झाल्यावर कार्पेट उचलून, खाली लाकडाचे तुकडे सरकवून, पंख्याची हवा आत खेळती ठेवावी आणि खालचा थर पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. सीट काढण्याची वेळ आली, तर तिच्याखालच्या पिवळ्या वेष्टनाच्या तारांना हात लावू नये. त्या सहसा एअरबॅगच्या असतात आणि ते काम जाणत्या माणसाकडेच द्यावे.

प्रश्न : हीटर लावल्यावर गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून चिकट धुके धरते. पुसले तरी पुन्हा येते. हा वास घालवावा कसा?

उत्तर : हा वास घालवायचा नाही, त्याचे कारण तातडीने दुरुस्त करायचे आहे. इंजिन थंड ठेवणारा कूलंट डॅशबोर्डमागच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतो. तो गळू लागला, की गोडसर वास, काचेवरचा चिकट थर आणि पायाखाली चिकट ओल ही तिन्ही लक्षणे दिसतात. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे लहान मुले व पाळीव प्राणी यांना त्याचा विशेष धोका असतो. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी पाहावी; गरम इंजिनवर टोपण कधीही उघडू नये, कारण आतला दाब उकळते द्रव अंगावर फेकतो. पातळी घटत असेल, तर गाडी थेट गॅरेजमध्ये दाखवावी.

याच अनुषंगाने अन्य काही वासांविषयी सांगणे आवश्यक वाटते. आत पेट्रोलचा वास सतत येत असेल, तर गाडी उघड्यावर उभी करावी, बंद करावी, जवळपास काडी पेटवू नये आणि तपासणी होईपर्यंत ती चालवू नये. प्लास्टिक किंवा तारा जळल्याचा वास आला, तर बाजूला थांबून इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरावे. सडलेल्या अंड्यासारखा वास कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील (धुराड्याच्या वाटेवर धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागातील) बिघाडाचा किंवा जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचा असू शकतो. दुसऱ्या कारणाची शंका असल्यास बॅटरीजवळ ठिणगी उडेल असे काहीही करू नये, कारण तिच्यातून स्फोटक हायड्रोजनही बाहेर पडतो. धुराड्याच्या धुराचा वास आत येणे सर्वांत गंभीर आहे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःला गंध नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. म्हणून धुराचा वास विरळ झाला, की धोका टळला असे समजू नये. काचा उघडाव्यात, गाडी थांबवून बाहेर पडावे, आणि सायलेन्सरची जोडणी व डिकीच्या दाराचे रबर तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : मागच्या सीटवर बाटलीभर दूध सांडले. लगेच गरम पाण्याने आणि साबणाने पुसले, वर अत्तरही शिंपडले. आठवड्यानंतर वास इतका आंबूस झाला आहे, की काचा बंद करवत नाहीत. सीट बदलावी लागेल का?

उत्तर : बहुधा लागणार नाही, परंतु आतापर्यंत झालेली सफाई फक्त कापडाची आहे. दूध कापडावर थांबत नाही. ते काही क्षणांत खालच्या फोममध्ये उतरते आणि तेथे पसरते. जिवाणू त्यातली साखर, प्रथिने आणि स्निग्धांश फोडतात, आणि त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी उग्र वासाची आम्ले तयार होतात. गरम पाण्याने दुधातली प्रथिने घट्ट होऊन धाग्यांना चिकटतात, म्हणून दूध, उलटी किंवा रक्त यांसाठी सदैव थंड पाणी घ्यावे.

आता एन्झाइम असलेला सफाईचा द्राव आणावा. यातली एन्झाइमे प्रथिने आणि स्निग्धांश यांचे लहान, धुऊन निघतील असे तुकडे करतात. तो वापरताना सर्वाधिक चूक प्रमाणात होते. जितके दूध आत गेले, निदान तितका द्राव त्याच वाटेने आत गेला पाहिजे. वरवर फवारा मारल्यास तो फोममधल्या दुधापर्यंत पोहोचतच नाही. आधी साबणाचा अंश थंड पाण्याने काढावा, कारण काही साबणांमुळे एन्झाइमे निकामी होतात. मग द्राव ओतून, तळव्याने दाबून आत जिरवावा, वर ओले कापड झाकून डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ तो ओलाच ठेवावा. त्यानंतर ओले शोषणाऱ्या व्हॅक्यूमने जमेल तेवढे पाणी ओढून घ्यावे, आणि सीट सुटी होत असल्यास ती बाहेर काढून दोन्ही बाजूंनी वाळवावी. वास कमी झाला, पण पूर्ण गेला नसेल, तर हीच कृती पुन्हा करावी; एका खेपेत तो जाईलच असे नाही. सीटमध्ये गरम करण्याच्या तारा किंवा एअरबॅगचे संवेदक असतील, तर मात्र ओतण्यापूर्वी गाडीची पुस्तिका पाहावी.

खाण्याच्या सोड्याविषयी अनेकांनी विचारले आहे. आम्लांचा वास सौम्य करण्यास तो उपयोगी आहे, पण पूर्ण कोरड्या सीटवर रात्रभर पसरून सकाळी ओढून घेतल्यासच. ओल्या फोमवर टाकला, तर त्याचा गारा होतो आणि तो शिवणीत घट्ट बसतो. ब्लीच वापरू नये : त्याने कापडाचा रंग उडतो, आणि व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या द्रावाशी ते मिसळले, तर विषारी वायू तयार होतो. पाळीव प्राण्याने सीटवर लघवी केली असेल, तेथेही हाच इशारा लागू आहे.

प्रश्न : नुकतीच घेतलेली जुनी गाडी आधीच्या मालकाच्या सिगारेटच्या वासाने भरलेली आहे. ओझोनचे यंत्र लावल्यास तो कायमचा जाईल, असे कोणी सांगितले. लावावे का?

उत्तर : लावायचे असल्यास सर्वांत शेवटी, आणि तेही ते काम जाणणाऱ्याकडून. सिगारेटच्या धुरातले निकोटीन आणि डांबर यांचा पिवळसर थर काचा, डॅशबोर्ड, सीटबेल्ट आणि छताच्या कापडावर बसलेला असतो. ऊन तापले, की त्यातून वास पुन्हा सुटतो. हा थर जागेवर असताना ओझोन वापरल्यास वास काही दिवस दबतो आणि परत येतो.

त्यामुळे आधी अ‍ॅश ट्रे आणि केबिन फिल्टर काढावे, व सर्व काचा आतून पांढऱ्या कापडाने पुसाव्यात. कापड पिवळे होणे थांबेपर्यंत पुसत राहावे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावेत आणि संपूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्यावेत. गाडी धुणारेही ही जागा सर्रास विसरतात. छताचे कापड पातळ फोमवर डिंकाने चिकटवलेले असते, म्हणून ते भिजवू नये आणि घासू नये. कापडावर फेस घेऊन एकाच दिशेने हलके टिपत जावे, नाही तर डिंक सुटून छत लोंबू लागते.

यानंतर वास अगदी थोडा उरला, तर ओझोनचा विचार करावा. ओझोन फुप्फुसांना अपायकारक आहे आणि रबरही खराब करतो. यंत्र चालू असताना गाडीत माणूस, प्राणी किंवा रोप असता कामा नये, वेळ कमी ठेवावा आणि नंतर सर्व दारे उघडून गाडीत हवा बराच वेळ खेळू द्यावी. घरात दमेकरी असेल, तर आम्ही ओझोनऐवजी सक्रिय कोळशाच्या पिशव्या सीटखाली ठेवण्याचा आणि सक्रिय कोळशाचा थर असलेला केबिन फिल्टर बसवण्याचा सल्ला देऊ. त्याला वेळ अधिक लागतो, पण धोका नाही. एवढ्यानेही उन्हात वास जाणवत राहिला, तर तो छताच्या फोममध्ये मुरलेला आहे असे समजावे, आणि फवाऱ्यांवर आणखी खर्च करण्यापेक्षा छताचे अस्तर नवे बसवून घ्यावे.