होडीच्या इंजिनात कितीचं ऑइल?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ऑइलचेच आहेत. हंगाम जवळ आला की असं होतंच. निवडक घेतले आहेत.

प्रश्न : १५डब्ल्यू-४० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे वेट ना? म्हणजे १५ वजनाचं ऑइल? (देवगड)

नाही. तो ‘विंटर’चा डब्ल्यू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यात इंजिन फिरवताना ऑइल किती अडवतं ते सांगतो. त्यासाठी १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० अंशांना होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ला. देवगडात जानेवारीतही स्वेटर पेटीतून निघत नाही, तिथे या दोघांतला फरक कशाला मोजायचा? तुम्ही बघायचा तो पुढचा आकडा, ३०, ४० की ५०. शंभर अंशांना तापल्यावर ऑइलमध्ये किती दाटपणा उरतो, त्याचा तो आकडा.

प्रश्न : मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या क्राइस्टचर्चला असतो. जुनी जेट बोट घेतली आहे. शेवरोलेचं ३५० व्ही-एट इंजिन, मागे हॅमिल्टन जेट. आधीचा मालक सांगून गेला, २०डब्ल्यू-५० शिवाय काही घालू नकोस. इथला मेकॅनिक म्हणतो १५डब्ल्यू-४० घाल. बोट वायमाकारिरी नदीतच फिरते. सकाळी ऑइल प्रेशर ७० दाखवतो, म्हणजे सगळं ठीकच ना?

आधी हेवा वाटला ते कबूल करतो. जेट बोट तुमच्याच प्रांतातली. कँटरबरीच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत पंखा टिकेना, म्हणून बिल हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास पाणी मागे फेकणारी होडी केली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच तीन बोटी घेऊन गंगासागरहून गंगेत शिरले आणि थेट नंदप्रयागच्या धबधब्यापर्यंत चढले.

आता तुमचं ऑइल. जुना मालक अगदीच चुकीचं बोलत नव्हता. जेट बोटीत गिअर बदलणं नसतं, इंजिन सरळ पंपाच्या इम्पेलरला, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चक्राला जोडलेलं. गाडी उताराला लागली की इंजिनला जरा दम मिळतो, इथे तो नाही. आंबोलीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढतोय आणि घाट संपतच नाही, असं समजा. त्यात फेरे दुप्पट केले की पंप आठपट ताकद मागतो. अशा कामात ऑइल तापून पातळ होतं, म्हणून दाट ऑइल घालायची रीत पडली.

पण ऑइल तापलं तर ना! तुमच्या बोटीत इंजिन गार करायला पंप नदीचंच पाणी ब्लॉकमध्ये ढकलत असणार. ते येतं सदर्न आल्प्सच्या डोंगरांवरून, गारठलेलं. जुन्या बोटींत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) अनेकदा काढून टाकलेला असतो. मग तासभर फिरूनही ऑइल पन्नास-साठ अंशांपुढे जात नाही. २०डब्ल्यू-५० हे शंभर अंशांना अठरा-एकोणीस सेंटिस्टोकचं (दाटपणाचं माप) ऑइल, पण चाळीस अंशांना तेच एकशे साठ-सत्तरच्या घरात असतं, काकवीसारखं. तुमचा सकाळचा ७० प्रेशर हा त्या काकवीचा आहे. बेअरिंगला ऑइल पोचतंय याचा तो दाखला नव्हे. दाट ऑइल पंपातून पुढे सरकायलाच नाखूश असतं, म्हणून काटा वर जातो.

गार इंजिनचं दुसरं दुखणं असं की न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइल तापलं तर ते आणि आतली वाफ उडून जाते, नाही तर साठत राहते. डिपस्टिकवर ऑइल न घालताच पातळी वर सरकली असेल, तर खूश होऊ नका. नखावर थेंब घेऊन वास घ्या, पेट्रोलचा येईल.

म्हणून क्रम असा. आधी थर्मोस्टॅट आहे का बघा आणि नसेल तर बसवा. गोड्या पाण्यात ७१ अंशांचा चालतो. (समुद्रात मी ६० च्या आसपासचाच बसवतो, जास्त तापलं की मीठ आत धरतं.) मग ऑइलच्या तापमानाचा गेज लावा, प्रेशरपेक्षा तो जास्त खरं बोलतो. ऑइल ८० ते १०० अंशांत राहत असेल तर १५डब्ल्यू-४० घाला. १२० च्या वर जात असेल तरच २०डब्ल्यू-५० चा विचार करा, आणि त्याहीआधी ऑइल कूलर साफ करा. गरम इंजिनवर मिनिटाच्या हजार फेऱ्यांमागे दहा पौंड प्रेशर हा या शेवरोलेचा जुना ठोकताळा आहे. चार हजारला ४० मिळाले की झालं.

आणखी एक. इंजिन जुनं असेल तर त्याचे टॅपेट (झडपा उचलणारे खुंट) सपाट तळाचे असतील. ते कॅमवर घासून चालतात आणि त्यांना ऑइलमधलं जस्त-फॉस्फरस लागतं. आजच्या ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी केलेलं असतं. डिझेलच्या १५डब्ल्यू-४० मध्ये बरंच असतं. तुमचा मेकॅनिक बहुधा त्यासाठीच ते सुचवतोय. मी असतो तर त्याचंच ऐकलं असतं.

पाहुणे बसवून जागच्या जागी गिरकी मारायचा मोह होईल. तेव्हा ऑइल चेंबरच्या एका कुशीला जातं आणि सक्शन (पंपाचं ऑइल ओढणारं तोंड) उघडं पडतं. आत पत्र्याचे आडोसे नसतील तर कितीचंही ऑइल घाला, बेअरिंग जाणार.

प्रश्न : तारकर्लीत आमच्या दोन जेट स्की आहेत. बुलेटचं २०डब्ल्यू-५० दुकानात सहज मिळतं. घातलं तर चालेल? (मालवण)

घालू नका. बाइकचं ऑइल ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी बनवलेलं असतं, तुमच्या स्कीला तसला गिअरचा क्लचच नाही. तिला हवी आहे गंजापासून राखण. डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ शोधा. हा डब्ल्यू मात्र पाण्याचा. या ऑइलची गंजाची वेगळी चाचणी होते. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच, बहुतेक १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०. सुपरचार्जरवालं (जादा हवा आत ढकलणारं) रोटॅक्स इंजिन असेल तर जास्तच जपा. काही मॉडेलांत सुपरचार्जरचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या कारच्या ऑइलने तो सटकतो.

स्की उलटून पाणी आत गेलं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्याच दिवशी बदला. पाच मिनिटं चालवा, पुन्हा बदला, स्वच्छ दिसेपर्यंत. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून ठेवलेल्या इंजिनांचे क्रँक मी तांबडे झालेले पाहिलेत.

प्रश्न : छोट्या होडीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला (मागे बाहेर लटकणाऱ्या इंजिनला) कुठल्या नंबरचं ऑइल?

नंबर नाही, ‘टीसी-डब्ल्यू३’ असा शिक्का बघा. प्रमाण मॅन्युअलप्रमाणे, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली. स्कूटरचं टू-टी घालू नका. ते हवेने गार होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनसाठी असतं आणि त्याची राख प्लगवर बसते. हे मी देवबागच्या संगमावर, ओहोटीला, वल्ही घरी विसरून शिकलो.

प्रश्न : आमचा ट्रॉलर मे अखेर ओढतो, ऑइल ऑगस्टला सुरू करताना बदलतो. नवं ऑइल दोन महिने पडून वाया का घालवायचं? (रत्नागिरी)

कारण जुनं ऑइल पडून राहिलं तर इंजिन वाया जातं. हंगामभर डिझेल जाळून त्यात आम्ल आणि ओल साठलेली असते. १ जून ते ३१ जुलै ते बेअरिंगला चाटत बसणार. बोट शाकारण्याआधी इंजिन गरम करा, ऑइल-फिल्टर बदला, दहा मिनिटं चालवा आणि मग बंद करा. १५डब्ल्यू-४० ठीक आहे, डब्यावर ‘सीआय-४’ हा डिझेल ऑइलचा दर्जा किंवा त्यापुढचा बघा.

ऑगस्टमध्ये सुरू करण्याआधी चेंबरचा नट जरा सैल करून पहिला अर्धा कप बाटलीत घ्या, पाणी असेल तर ते तळाशी बसलेलं असतं. संशय आला तर त्यातला एक थेंब तापलेल्या जुन्या पत्र्यावर टाका. नुसता पसरला तर ठीक. चरचरला तर पाणी आहे. मागे पांढरी खपली राहिली तर ते खारं, म्हणजे ऑइल कूलर बघा. नाही राहिली तर ते इंजिनमधलं गोडं पाणी, मग हेड गॅस्केट किंवा लायनरचे रबर उघडावे लागतील.