आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या, व्याख्या नंतर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला बायोलॉजीत 41 मार्क पडले, अँटीजेन, अँटीबॉडी, अँटीबायोटिक यात तिचा घोळ होतो, तर पाठांतराची युक्ती सांगा म्हणताय. पण मध्येच तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, की रोज रात्री बाबा व्याख्या म्हणून घेतात, चुकली की दहादा लिहायला लावतात आणि हल्ली त्यांची चाहूल लागली तरी ती पुस्तक मिटून ठेवते. मला 41 पेक्षा या मिटलेल्या पुस्तकाची काळजी वाटतेय. रात्रीची ती परीक्षा आजपासून बंद करा, हवं तर बाबांना हेच वाचायला द्या.

आणि "नको ते प्रश्न विचारते" अशी जी तक्रार केलीत, तो प्रश्न तर काय सुंदर आहे! अँटीबॉडी बनायला आठवडाभर लागतो, मग तोपर्यंत आपल्याला कोण वाचवतं? मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं 1882 मध्ये स्टारफिशच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, तर पेशी येऊन त्या काट्याभोवती गोळा झाल्या. पुढं 1908 चं नोबेल त्याला आणि एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला मिळून मिळालं. तिच्या प्रश्नाचं उत्तर अशाच, जंतू गिळणाऱ्या पेशी, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज. त्वचा, शेंबूड, ताप हीसुद्धा पहिली फळीच.

अँटीबॉडी जंतूला मारते असं बाबा तिच्याकडून घोकून घेतायत, ते अर्धवट आहे. जंतूवरचा जो भाग शरीर परका म्हणून ओळखतं तो अँटीजेन, आणि त्याला नेमकं चिकटणारं प्रोटीन म्हणजे अँटीबॉडी, जी 'बी' पेशींपासून (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी बनवतात. ती बहुतेक वेळा नुसती चिकटते, पण तेवढ्यानं व्हायरसला आपल्या पेशीत शिरता येत नाही किंवा गिळणाऱ्या पेशींना जंतू पटकन सापडतो. काही बी पेशी आठवण ठेवून राहतात म्हणून लस उपयोगी पडते. अँटीबायोटिक हे मात्र औषध, बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही.

तिला डॉक्टर करायचं म्हणताय, तर मेडिकल एंट्रन्सचा रस्ता तुम्हाला माहितीच आहे. पण डॉक्टर व्हायचंय असं ती स्वतः म्हणाल्याचं पत्रात कुठंच नाही, मग हे कुणी ठरवलं? असे प्रश्न पडणाऱ्या मुलीला मायक्रोबायोलॉजी, पुढं इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र, जास्त मानवेल असं मला वाटतं, पण आधी तिला विचारा. आज रात्री तिला शिकवायला सांगा, तुम्ही दोघं ऐका, आणि ती अडली तरी बाबांनी मध्ये बोलायचं नाही.