दोरीवरचे लंगोट मोज

प्रश्न : सिस्टर, मी पहिलटकरीण. बाळंतपणाला तासगावजवळ माहेरी आले आहे. मुलगी आज १७ दिवसांची झाली. जन्मताना २ किलो ८०० ग्रॅम होती, चौथ्या दिवशी घरी सोडताना २ किलो ६०० भरली, तेव्हापासून आईने धसका घेतलाय. रोज दिवेलागणीला बाळ रडायला लागतं ते दहापर्यंत. पाजून खाली ठेवलं की पुन्हा तोंड हलवतं. आई म्हणते, "तुला दूधच पुरत नाही." दोन दिवस बाळगुटी आणि चमचाभर उकळलेलं पाणी दिलं. शेजारच्या काकू पावडरचा डबा आणा म्हणतात. बाळाची छातीही सुजल्यासारखी दिसते, ती पिळून काढायची असते का?
– एक बाळंतीण

उत्तर : पोरी, डबा आणू नकोस. आधी सांग, दिवसाला लंगोट किती ओले होतात? तुझ्या पत्रात रडण्याचा सगळा हिशेब आहे, लंगोटांचा एक शब्द नाही.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. तरी १९८६ साली माझा पहिला मुलगा असाच संध्याकाळभर रडायला लागला, तेव्हा मीच नवऱ्याला डबा आणायला पिटाळलं होतं. सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्या परसात गेल्या, दोरीवरचे लंगोट मोजून आल्या आणि म्हणाल्या, "अकरा हाईत. आत गेल्याबिगर भाईर येतंय व्हय?" नवरा रिकाम्या हातानेच परत आला.

तर हिशेब असा. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली पाहिजे, फिकट रंगाची. शी काळ्याची हिरवट आणि मग मोहरीसारखी पिवळी, दाणेदार झाली पाहिजे. डायपर लावत असशील तर चार दिवस बाजूला ठेव. तो सगळं पिऊन टाकतो आणि मोजणीच चुकते. सहाच्या खाली आकडा आला, तर मात्र त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे ने.

वजनाचं म्हणशील, तर पहिल्या काही दिवसांत बाळं ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतातच. तुझी २०० ग्रॅम म्हणजे सात टक्के. दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम चढायला हवेत. सतरा दिवस झाले, म्हणजे काटा २ किलो ८०० च्या पुढे हवा. तेवढा नसेल, तर घरात वाद घालत न बसता दवाखाना गाठायचा. आशाताईंची २१व्या दिवसाची भेट असते, पण थांबू नकोस, उद्याच बोलाव. घरी येऊन बाळ बघायची ही रीत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष जगापुढे आले आणि २०११ पासून ती देशभर आशाताईंच्या हाती आली. तेव्हा त्यांना नुसता चहा पाजून पाठवू नकोस.

संध्याकाळचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, दीड महिन्यापर्यंत वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप विरतं. त्या वेळी बाळ दर अर्ध्या तासाला मागेल, दे. जितकं ओढेल तितकं येईल. बाटली तोंडात गेली की ओढ कमी, मग दूधही कमी. रात्रीचं पाजणं चुकवू नकोस. फक्त पकड बघ: निपलच नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली. प्रत्येक वेळी दुखत असेल तर पकड चुकतेय.

पाणी आणि बाळगुटी आजपासून बंद. आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच असतं, तासगावच्या उन्हाळ्यातही ते पुरतं. बाळगुटीत जायफळ उगाळलं की बाळ गुंगतं आणि आपण म्हणतो, गुण आला! शिवाय ती सहाण कोणी कधी उकळली होती? मध तर वर्षभर नाही.

छाती पिळायची नाही. तुझ्या अंगातले हार्मोन बाळात उतरलेत, म्हणून ती सूज, मुलग्यांनाही येते. काही आठवड्यांत जाते. पिळून पू झालेली बाळं मी पाहिलीत, फोड कापावा लागतो.

शेकशेगडीबद्दल तू विचारलं नाहीस, पण असणारच. दार लावून कोळसा पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

बाळ प्यायचं सोडेल, मलूल पडेल, अंग तापेल किंवा गार पडेल, छाती आत ओढत मिनिटाला साठाहून जास्त श्वास घेईल, तळहात-तळपाय पिवळे दिसतील, झटका येईल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ लावायचा.

आईवर रागावू नकोस. तिच्या जिवाला घोर आहे, तिला काम दे. लंगोट मोजणं तिच्याकडे सोपव, आणि उद्या आशाताईंनी झोळी काट्याला अडकवली की आकडा तिलाच वाचायला लाव.