वाचकांचे प्रश्न : शेक बरे करण्यासाठी नसतील तर कशासाठी?

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. थायरॉइडचा अॅनाप्लास्टिक कर्करोग निघाला. गाठ झपाट्याने वाढतेय, घास अडकतो. डॉक्टर म्हणतात, आजार बरा होणार नाही. दोन दिवसांत किरणोपचाराचे (रेडिएशनचे) चार शेक देऊ, महिन्याभराने पुन्हा पाहू. एवढ्याशा शेकांनी काय होणार?

उत्तर : गाठ आटोक्यात ठेवून गिळणे, श्वास आणि दुखणे सुसह्य करणे, एवढ्यासाठीच हे शेक आहेत. वडिलांच्या वाट्याचे दिवस दवाखान्याच्या बाकावर जाऊ नयेत, म्हणून ही आखणी आम्हाला पटते. दिवसाला दोन शेक, प्रत्येकी ३.७ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), चार मिळून १४.८ ग्रे. उपयोग दिसला तर ३-४ आठवड्यांनी दुसरी फेरी, मग तिसरी, एकूण ४४.४ ग्रे. दोन शेकांत किमान ६ तास जायलाच हवेत, तेवढ्या वेळात निरोगी पेशी सावरतात. घरी लवकर जायचे म्हणून हे अंतर कमी करून मागू नका. मधल्या आठवड्यांत तोंड-घसा भरून येतो, म्हणून सहा-सात आठवडे रोज चालणाऱ्या शेकांइतकी तोंडे येत नाहीत.

खरी काळजी श्वासाची. शेकानंतर सुरुवातीला सूज येऊन श्वासनलिका आणखी आवळू शकते. त्यासाठी डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे औषध देतात. ते मनाने बंद करू नका. श्वास घेताना घर्रघर्र आवाज येऊ लागला, आडवे पडवेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभाग गाठा. घशाला छिद्र पाडून नळी बसवायची की नाही, हे वडिलांशी आधीच बोलून ठेवा. मध्यरात्री धावपळीत तो निर्णय नीट होत नाही.

शेक घेताना चेहरा-मानेवर जाळीदार मास्क घट्ट बसवून उताणे, स्थिर झोपावे लागते. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून मॉर्फिनची साधी, लगेच काम करणारी गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्या. पुढच्या फेरीला मास्क सैल किंवा घट्ट वाटला तर लगेच सांगा, नवा करावा लागतो.

गाठीच्या तुकड्याची बीआरएएफ व्ही६००ई (गाठीच्या पेशींतील एक जनुकीय बदल) तपासणी झाली का, हेही आजच विचारा. हा बदल सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांचा मार्ग खुला होतो.

प्रश्न : आईला लाळग्रंथीचा अॅडेनॉइड सिस्टिक कर्करोग आहे. श्वासासाठी गळ्यात छिद्र पाडून धातूची नळी बसवलेली आहे. शेकाआधी ती बदलायला सांगितली. का?

उत्तर : मानेवर शेक असतील तर बदलाच. किरण धातूवर आपटून विखुरतात आणि नळीला चिकटलेल्या त्वचेला जादा मात्रा बसते. तिथे जखम होते. प्लॅस्टिकची नळी मास्क बनवण्याआधी, म्हणजे नियोजनाच्या सीटी स्कॅनपूर्वी बसवून घ्या. नंतर बदलली तर मास्क नळीवर नीट बसत नाही. धातूची नळी धुऊन जपून ठेवा. शेक संपून त्वचा भरली की डॉक्टर ती परत बसवू शकतात.